बेचाळीस डिग्रीत हीटर

३० मार्च. रविवार, गुढीपाडवा.

गुढी उभारली. कडुनिंब चावला. नवीन वर्षाचा संकल्प: गाडीचं कूलिंग स्वतःच्या हातानं दुरुस्त करायचं. मेकॅनिकच्या दारात पाय ठेवायचा नाही.

कारण लिहून ठेवतो. राजलक्ष्मीला सातवा लागतोय. आमची एकुलती एक लेक, इंदापूरला दिलीय. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे इथं भवानीनगरला. पण आठवा लागला की तिच्या सासरचे पाठवत नाहीत, त्यांच्यात ते चालत नाही. आठवा लागतो २ मेला. म्हणून मी अक्षय तृतीया धरलीय, ३० एप्रिल. बापानं जायचं, लेकीला आपल्या गाडीत बसवायचं, गारेगार घरी आणायचं. महिना आहे हातात. भरपूर झाला.

सकाळी व्याही झुंबररावांचा फोन. सणाच्या शुभेच्छा दिल्या आणि लगेच म्हणाले, दत्तोबाराव, एवढ्या उन्हात तुमी कशाला येताय, आमची नवी गाडी देतो लावून, सीटमधनंसुद्धा गार हवा येती. मी म्हणालो, आमच्या गाडीतही एसी आहे. त्यावर ते नुसतं हां हां म्हणाले. ते दोन हां दिवसभर डोक्यातून जाईनात.

सीटमधून गार हवा! माणसाला सर्दी नाकाला होते. हे काय भलतंच.

नोंद: आमच्या गाडीत एसी खरोखर आहे. बटण दाबलं की लाइट लागतो. हवा गरम येते, ती गोष्ट वेगळी.

१ एप्रिल.

गाडीची पाहणी केली. जुनी आहे, पण डॉक्टरची आहे. बारामतीच्या एका डॉक्टरांनी दहा वर्षं वापरली, मग मी घेतली, त्यालाही बारा-तेरा वर्षं झाली. डॉक्टरच्या हातची गाडी म्हणजे तब्येतीला चांगलीच असणार.

तक्रारी दोनच. इंजिन तापतं आणि एसी तापतो. दोन्ही उष्णतेच्या. आणि उष्णता हा माझा विषय. उभी हयात साखर कारखान्यात बॉयलरजवळ गेली. गाडीचं इंजिन म्हणजे काय, गुडघ्याएवढा बॉयलर.

ट्रायल घेतली. सणसर येतंय न येतंय तोच टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्यात. गाडी मात्र उत्तम पळत होती. याचा अर्थ काटा बिघडलाय. घरी येऊन काट्याच्या काचेवर जखमेला लावतात ती चिकटपट्टी लावली. आता मन शांत राहतं.

२ एप्रिल.

काटा बिघडलेला नव्हता.

३ एप्रिल.

काल लिहायची इच्छा नव्हती. सणसरच्या पुढं बॉनेटमधून वाफ सुटली. इतकी, की एक ट्रॅक्टरवाला थांबला आणि म्हणाला, आबा, गुऱ्हाळ टाकलंय का, रस हाय का गिलासभर? मी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. अशा लोकांमुळं तालुका मागं राहतो.

मात्र वाफेचा जोर बघता इंजिनात ताकद भरपूर आहे, हे सिद्ध झालं. ताकद आहे, वळण लावायचं बाकी आहे.

५ एप्रिल.

बादशाहभाईच्या गॅरेजवर गेलो. मेकॅनिकच्या दारात पाय ठेवायचा नाही असं ठरलं होतं. ठेवला नाही. गाडीतच बसून राहिलो.

त्यानं बॉनेट उघडलं, आत डोकावला आणि पोट धरून हसला. मग म्हणाला, रेडिएटर चोक हाय आबा, बोअरचं पाणी वतून वतून आत क्षार बसल्यात, नवा टाका आणि कूलंट वता. मी म्हणालो, तेच बोअरचं पाणी मी तीस वर्षं पितोय, मला कुठं काय झालं? तर म्हणाला, मग गाडी इका.

जाता जाता त्यानं थर्मोस्टॅट नावाची एक वाटी इंजिनातून काढून माझ्या हातात दिली. म्हणे, ह्ये थंडीच्या देशातल्या लोकांला लागतंय, आपल्याला काय करायचंय, मी समद्या गाड्यांचं काढून टाकतो. गॅरेजच्या खिळ्याला अशा वाट्यांची माळच लटकतीय. मला पटलं. या माणसाला थर्मोस्टॅटमधलं कळतं. रेडिएटरमधलं कळत नाही.

घरी जयवंताला सगळं सांगितलं. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोनं माझ्या बाजूनं एकदा तरी बोलावं. ती म्हणाली, त्याच पाण्यानं तुमाला मुतखडा झाला हुता की, बारामतीला ऑपरेशन केलं, इसरलात का? विषय तिथंच संपवला.

८ एप्रिल.

क्षार काढायचेत ना, काढू. कारखान्यात सीझन संपला की आम्ही बॉयलरच्या नळ्यांना ॲसिड मारायचो. आम्ही म्हणजे कारखाना. घरात ॲसिड कोणतं? चिंच! जयवंता तांब्यापितळेची भांडी चिंचेनं घासते, देवघर कसं लखलखतं. रेडिएटरही धातूचाच. एवढी साधी गोष्ट इंजिनिअर लोकांना सुचत नाही, कारण ते भांडी घासत नाहीत. मीही घासत नाही, पण बघतो.

बरणीतली सगळी चिंच भिजवली, कोळ काढला, धोतराच्या फडक्यानं गाळून रेडिएटरमध्ये ओतला. इंजिन चालू ठेवलं. खालचा नळ सोडला तर चॉकलेटी पाणी. बाहेर पडणारा क्षार पाहून मला भरून आलं.

९ एप्रिल.

चिंचेनं क्षार गेले. क्षारांमुळं जी भोकं बुजली होती, तीही मोकळी झाली. गाडीखाली थारोळं.

तरी निदान बरोबर होतं.

११ एप्रिल.

भोकांवर उपाय हळद. हा काही मी लावलेला शोध नव्हे, जुने ड्रायव्हर सगळे करतात. हळद पाण्यात फुगते आणि बारीक भोकात जाऊन बसते. जयवंतानं राजलक्ष्मीच्या ओटीसाठी खास हळद आणून ठेवली होती, चांगला डबाभर. ओटीला लागते चिमूट. बाकीची वायाच जायची.

गळती थांबली! पूर्ण थांबली. मी गाडीला नमस्कार केला.

एकच किरकोळ गोष्ट. इंजिन तापलं की आमटीचा वास सुटतो. चिंच, हळद, उकळतं पाणी, दुसरं काय होणार? शेजारच्या बनाबाई कुंपणावरून विचारत होत्या, आज काय बेत हाय, लई घमघमाट सुटलाय. जयवंता म्हणाली, बॉनेट उघडा आणि वाढून घ्या. डब्याचा रिकामा तळ बघितल्यापासून ती अशीच बोलतीय.

१४ एप्रिल.

गाडी काल अजिबात तापली नाही. काल बाहेर काढली नव्हती.

आज काढली. दोन कुत्री लासुर्ण्यापर्यंत मागं पळत आली. परतताना तापली. कुत्री मात्र दमली नाहीत.

१६ एप्रिल.

मोठा शोध!

आज काटा लाल पट्ट्यात गेला (चिकटपट्टी उन्हानं आपोआप गळून पडली होती) आणि मी एसीचं बटण दाबायला गेलो, तर घाईत शेजारची दांडी ओढली गेली. ती हीटरची. फॅन फुल. तोंडावर तव्यासारखी हवा. आणि काटा खाली! माझ्या डोळ्यांदेखत खाली! इंजिनची सगळी गर्मी हीटरवाटे आत माणसांवर येते आणि इंजिन मोकळं होतं. या गाडीच्या हीटरला आजवर कुणी हात लावला नसेल. भवानीनगरात हीटर लावायची वेळ कुणावर येते?

बेचाळीस डिग्री ऊन होतं. हीटर फुल ठेवून जंक्शन गावापर्यंत जाऊन आलो. इंजिन ठणठणीत. उजव्या पायातल्या चपलेचा अंगठा वितळला. चप्पल जुनीच होती.

निम्मा प्रश्न सुटला. इंजिन गार झालं. आता फक्त माणसं गार करायची.

१७ एप्रिल.

जयवंताला घेऊन बारामतीला निघालो. ओटीची साडी घ्यायची होती. तिला वाटेत हीटरची थिअरी समजावली. तिनं पदर ओला करून डोक्यावर घेतला होता आणि एक शब्द बोलत नव्हती, म्हणून मला वाटलं पटतंय.

पिंपळीला थांबवा म्हणाली. उतरली. मग जे बोलली ते रस्त्यावरच्या लोकांनीही ऐकलं. इंजिनाला गार वाटावं म्हणून बाईमाणसानं भाजून घ्यायचं, ह्यो कुठला न्याय? आणि पोटुशी पोर ह्या भट्टीत बसवून आणनार? बॉयलर बॉयलर काय लावलंय, तुमी टाइम ऑफिसात लोकांची हजेरी लावत हुता! एवढं बोलून ती एसटीनं बारामतीला गेली. साडी चांगली आणली. मला दाखवली नाही.

नोंद: टाइम ऑफिसची खिडकी बॉयलर हाऊसच्या बाजूला होती. पाळीभर निरीक्षण. एवढा अनुभव बॉयलरवाल्यालाही मिळत नाही, त्याला काम असतं.

२१ एप्रिल.

राजलक्ष्मीचा फोन. म्हणाली, आबा, तुमी गाडीचा ताप घेऊ नका, मी बसनं येते की. मी म्हणालो, वेडी आहेस का, दत्तोबाची लेक बाळंतपणाला बसनं येणार? लोक काय म्हणतील? तर म्हणाली, मला लोकांकडं न्हाय, आपल्या घरी यायचंय. इथं सगळी जीव लावत्यात, एसी हाय, पण आपल्या ओसरीत पालथं पडून आईची भाकरी खाल्ल्याशिवाय मला झोप लागत न्हाय. आणि रडली. सातव्या महिन्यात पालथं कसं पडणार, हे मी विचारलं नाही.

ती रडलेली मला चालत नाही. लहान होती तेव्हाही चालत नव्हतं. फोन ठेवल्यावर अर्धा तास रेडिएटरसमोर नुसता बसून राहिलो.

वेळ थोडा आहे. जोर लावला पाहिजे.

२३ एप्रिल.

नवी यंत्रणा तयार. बारामतीहून बर्फाची लादी आणली, मागच्या सीटखाली घमेल्यात ठेवली, त्यावर डॅशबोर्डवर लावायचा छोटा पंखा. खिडक्यांना आतून ओली पोती. पुढून हीटरनं इंजिन गार, मागून बर्फानं लेक गार. वितळलेलं पाणी काढायची वेगळी सोय लागली नाही, पत्रा गंजून भोक पडलेलं आहेच.

ट्रायल. बाहेर ऊन, पुढं हीटर, मागं बर्फ, कडेला ओली पोती. दहा मिनिटांत गाडीत ढग तयार झाला. काचेतून दिसेना, टॉवेलनं पुसत पुसत आलो. हवा अगदी कोकणासारखी. लोक खर्च करून कोकणात जातात.

बर्फ घरापर्यंत टिकला नाही. त्या दिवशी मोठी लादी घेऊ.

२६ एप्रिल.

झुंबररावांचा पुन्हा फोन. गाडी पाठवू का? मी म्हणालो, नको, आमची तयारी पूर्ण आहे. म्हणाले, तसं न्हाय दत्तोबाराव, पोरीला त्रास व्हायला नको. एवढंच म्हणाले, आणि प्रेमानं म्हणाले.

खरं लिहितो, इथं कोण वाचतंय. पाठवणीला ती त्यांच्या गाडीतून गेली. रिवाजच आहे तो, तक्रार नाही. पण तेव्हापासून ती येते त्यांच्या गाडीतून, जाते त्यांच्या गाडीतून, आणि मी दारात उभा राहून हात हलवतो. आता बाळंतपणालाही तिला त्यांचीच गाडी आणून सोडणार असेल, तर बाप म्हणून माझं काम काय? यावेळी आणीन तर मीच.

जयवंता आजकाल फोनवर हळू बोलते आणि मी आलो की बंद करते. बहुतेक माझ्यासाठी काहीतरी सरप्राइज आहे.

२९ एप्रिल.

सगळं सज्ज. लादी सांगितली. पाण्याचे कॅन भरले. जादा हळद घेतली, दुकानातून. जयवंताला विचारलं, येतेस का? म्हणाली, मी हितंच बरी, भाकरी कोण करील?

उद्या तिला घेऊन येईन तेव्हा सगळ्यांची तोंडं बंद होतील.

३० एप्रिल. अक्षय तृतीया.

संध्याकाळी लिहितोय. क्रमानं लिहितो, म्हणजे मला स्वतःला नीट कळेल.

सकाळी निघालो. लासुर्णे, जंक्शन, अंथुर्णे, सगळं व्यवस्थित. हीटर फुल. काटा मध्यावर. घामानं शर्ट पिळून निघाला होता, पण मन प्रसन्न. एकदा तर मी गाणं म्हटलं.

शेळगाव सोडलं आणि धाड करून आवाज झाला. पाण्याचा पाइप फुटला. तीन आठवड्यांची आमटी एकदम रस्त्यावर आली. काच पिवळी, बॉनेट पिवळं, उतरून बघायला गेलो तर मीही पिवळा. एक मोटारसायकलवाला थांबला आणि म्हणाला, आबा, कुणाची हळद हाय? मी म्हणालो, माझी. तो पाया पडून गेला.

राजलक्ष्मीला फोन केला. म्हणालो, निमगावात पोचलोय, हा काय आलोच. (निमगाव अजून पुढं होतं.) ती म्हणाली, सावलीला उभं रहा. निमगावात पोचलेल्या माणसाला ती सावलीला का उभं करतीय, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

कॅनमधलं पाणी ओतलं. वरून ओतलं की खालून जातंय. पाइपवर चिकटपट्टी लावली, पोत्याचं फडकं बांधलं, हळद चोपडली. काही नाही. बर्फ वितळून गेला. बाभळीखाली उभा राहिलो. दुपार चढली. परवा आठवा लागतो. उद्याच्या दिवसात काय गाडी होत नाही. झुंबररावांना फोन करून गाडी पाठवा म्हणावं, असं ठरवलं. तीनदा नंबर काढला. तीनदा खिशात ठेवला. आयुष्यात इतकी लाज वाटली नव्हती.

तेवढ्यात इंदापूरकडून बारामतीची एसटी आली आणि माझ्यासमोर थांबली. तिथं थांबा नाही. कंडक्टरनं दार उघडलं आणि म्हणाला, दत्तोबा आबा तुमीच ना? चढा लवकर, पोरगी खोळंबलीय.

खिडकीशी राजलक्ष्मी. मांडीवर ओटीचा नारळ, पायाशी बॅग. शेजारी जावई ऋषिराज. तो उठला, मला जागा दिली आणि स्वतः दांडा धरून उभा राहिला. मी म्हणालो, अगं, मी येतच होतो. ती म्हणाली, व्हय, म्हाईत हाय. मग कानाशी हळू म्हणाली, मामंजींना सांगितलंय, आबा स्टँडवर थांबल्यात, गल्लीत गाडी वळत न्हाय म्हणून. तुमीच न्यायला आलाय. कुणी इचारलं तर तसंच सांगा.

माझ्या डोळ्यांत हळदीचं पाणी गेलं होतं. बराच वेळ जळजळत होतं.

बसला एसी नव्हता. खिडक्या उघड्या होत्या, वारं लागत होतं. जंक्शनच्या आत ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. शर्ट पिवळा आहे म्हणालो, तर म्हणाली, असू दे.

भवानीनगरच्या स्टॉपवर उतरलो तर जयवंता आधीच तिथं उभी. हातात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या. लेकीवरून ओवाळला, टाकला, तिच्या डोळ्यांना पाणी लावलं. मग माझ्याकडं बघितलं आणि दुसरा तुकडा माझ्यावरूनही ओवाळला.

आम्ही याच बसनं येणार हे तिला कसं कळलं, हे मला समजलेलं नाही. भाकरी गरम होती. आणि तुकडे दोन होते.

असो. ठरल्या दिवशी लेक घरी आली. मी बरोबर होतो. संकल्प पूर्ण झाला असंच म्हणावं लागेल.

२ मे.

आठवा लागला. राजलक्ष्मी ओसरीत झोपलीय, कुशीवर.

झुंबररावांचा फोन आला. विचारलं, प्रवास कसा झाला? मी म्हणालो, झकास, वारं सुरेख लागत होतं. म्हणाले, बरं झालं. मग म्हणाले, शेळगावच्या पुढं उन्हात तुमची गाडी हुती, आमच्या माणसांनी ढकलून झाडाखाली लावलीय, किल्ली आतच राह्यली हुती, ती ऋषिराजकडं देतो. हां हां, मी म्हणालो.

दुपारी जेवताना विषय काढला. गाडीला नवा पाइप टाकतो, रेडिएटरही नवा टाकतो, बादशाहभाई म्हणतो तसा. वेळ आली की दवाखान्यात मीच नेणार. मायलेकी एकदम म्हणाल्या, न्हाय. साडीच्या रंगापासून मिठापर्यंत या दोघींचं आजवर कशावर एकमत झालेलं मी पाहिलेलं नाही. जयवंतानं शेजारच्या सद्दामची रिक्षा आधीच सांगून ठेवलीय. रिक्षाला रेडिएटर नसतो, असंही ती म्हणाली.

मी ताटावरून उठायला लागलो. तर राजलक्ष्मीनं हात धरून खाली बसवलं. म्हणाली, तुमी कायबी चालवायचं न्हाय आबा. तुमी माझ्याजवळ मागं बसायचं. मला लई भ्या वाटतंय.

तिला भीती वाटत असेल, हे मला महिनाभरात एकदाही सुचलं नव्हतं.

बसतो म्हणालो.